साखर सातावर आली, मग किडनीसाठी आणखी गोळी कशाला?

तुम्ही रिपोर्टचे आकडे जसेच्या तसे लिहिलेत, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. इतरांनाही कळावं म्हणून हकिगत थोडक्यात सांगतो. तुमच्या अप्पांचं वय ६१, नंदगडकडे शेती, मधुमेहाला बारा वर्षं झाली. साखरेसाठी मेटफॉर्मिन १००० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४० चालू आहे. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ७.२, म्हणजे बरंच म्हणायचं. रक्तदाब मात्र १४६/८८. लघवीतल्या अल्ब्युमिनचं (रक्तातल्या एका प्रथिनाचं) प्रमाण २१० आलं म्हणून बेळगावच्या डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम सुरू केली. तीन आठवड्यांनी तपासलं तर क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो कचरा, गाळणं कमी झालं की रक्तात वाढतो) १.२ होतं ते १.४ झालेलं. आता मेडिकलवाला सांगतो, ‘ही गोळी साखर लघवीतून काढते, किडनीवर लोड येतो.’ पाहुणे सांगतात, शुगरच्या गोळ्यांनीच किडन्या जातात, गावात एकजण डायलिसिसवर आहे तो गोळ्याच खात होता. आणि अप्पांचं म्हणणं, ‘शुगर सातावर आली की, मग आणि गोळी कशाला?’

तुमचा प्रश्न एका ओळीचा आहे : गोळी बंद करायची का?

अप्पांना न तपासता सांगता येईल तेवढं सांगतो. एवढ्या आकड्यांवरून मी बंद केली नसती. पण क्रिएटिनिन तपासलं त्या सुमारास त्यांना जुलाब-उलट्या झाल्या होत्या का, गुडघ्यासाठी किंवा कंबरेसाठी दुखण्याच्या गोळ्या चालू होत्या का, उभं राहिल्यावर चक्कर येते का, लघवी अडते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. यातलं काही ‘हो’ असेल तर माझं उत्तर बदलेल. ते पुढे सांगतो.

त्याआधी एक गोष्ट. घरातले सगळे या गोळीला साखरेच्या आकड्यावरून जोखताहेत. साखर आधीच बरी, त्यात क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे फायदा नाही आणि तोटा झाला, असा हिशेब होतोय. पण तुमच्या डॉक्टरांनी ती मुख्यतः साखरेसाठी दिलेलीच नाही. ती किडनीतला दाब उतरवण्यासाठी आहे. हे दोन वेगळे विषय आहेत, आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत ते कुणी वेगळे करून सांगितलेले नसतात. आम्हा डॉक्टरांकडे तेवढा वेळ नसतो हे कारण खरं आहे, पण ते पुरेसं नाही.

मधुमेहात सगळ्यात आधी मार बसतो तो केसाहून बारीक रक्तवाहिन्यांना, डोळ्याच्या पडद्यातल्या, किडनीतल्या आणि नसांना रक्त पुरवणाऱ्या. या वाहिन्या इतक्या अरुंद असतात की तांबड्या पेशींना त्यातून एकामागोमाग एक, अंग चोरून जावं लागतं. शरीरातल्या पुष्कळ पेशी रक्तात साखर जास्त झाली तर आत घेणं कमी करतात. या वाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींना ते नीट जमत नाही. रक्तात जेवढी साखर, तेवढी आत शिरते, आणि ती जिरवताना पेशीत घातक पदार्थ तयार होतात. भिंत जाड होते, पण मजबूत होत नाही, उलट झिरपायला लागते. डोळ्यात झिरपली की पडद्यावर सूज येते आणि रक्ताचे ठिपके पडतात. किडनीत झिरपली की लघवीत अल्ब्युमिन उतरतं. अप्पांचं २१० म्हणजे तेच झिरपणं. ३० च्या आत असेल तर ठीक, ३० ते ३०० ही मधली पायरी, ३०० च्या वर गेलं की दुखणं पुढे सरकलं असं आम्ही मानतो.

क्रिएटिनिन या कामात फार उशिरा जागं होतं. एकेका किडनीत साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात ओढून घेतात. काही गाळण्या बंद पडल्या तर उरलेल्या जादा काम करतात, त्यामुळे रिपोर्टमध्ये कित्येक वर्षं ‘नॉर्मल’च छापून येतं. निम्म्याच्या आसपास काम गेल्यावरही क्रिएटिनिन थोडंसंच हललेलं दिसू शकतं. म्हणून अल्ब्युमिनची तपासणी सांगणारा डॉक्टर तुम्हाला मिळाला, हे चांगलंच झालं.

आता दाब. किडनीतली प्रत्येक गाळणी म्हणजे वाहिन्यांचा एक गुंता. त्यात रक्त आणणारी एक वाहिनी, बाहेर नेणारी दुसरी. शेतातल्या पाइपलाइनला जशी मोटरकडची चावी आणि शेवटची चावी असते, तसं समजा. मोटरकडची चावी सताड उघडी आणि शेवटची अर्धी बंद असेल तर मधल्या पाइपचे सांधे गळायला लागतात. मधुमेहात नेमकं हेच होतं : येणारी वाहिनी रुंदावते, जाणारी आवळते. सुरुवातीला गाळण्याचं काम नेहमीपेक्षा जास्त होतं, रिपोर्ट झकास दिसतो, आणि तेव्हाच गाळण्या झिजत असतात.

येणारी वाहिनी रुंदावते कशामुळे, यात सगळी मेख आहे. गाळण्यांतून रोज साधारण १८० ग्रॅम साखर खाली उतरते. निरोगी माणसात ती सगळीच्या सगळी परत घेतली जाते. त्यातली ९० टक्क्यांच्या आसपास परत ओढण्याचं काम एसजीएलटी-२ नावाचा वाहक करतो, आणि तो साखरेबरोबर मीठही, म्हणजे सोडियम, ओढून घेतो. मधुमेहात साखर जास्त उतरते, म्हणून हा वाहक जोरात चालतो आणि मीठही जास्त परत घेतो. पुढे नळीत काही पेशी मिठावरून प्रवाहाचा अंदाज घेत असतात. त्यांच्यापर्यंत मीठ कमी पोचतं, त्यांना वाटतं रक्तच कमी येतंय, आणि त्या येणारी वाहिनी उघडायचा हुकूम देतात. दाब वाढतो.

डापाग्लिफ्लोझिन हा वाहक अडवते. साखर आणि मीठ खाली जातं, त्या पेशींना खरा प्रवाह कळतो, येणारी वाहिनी पुन्हा थोडी आवळते आणि गाळणीतला दाब उतरतो. म्हणजे मेडिकलवाल्याचं ‘साखर लघवीतून जाते’ हे म्हणणं खरं आहे, दिवसाला साठ-ऐंशी ग्रॅम जाते. ‘लोड येतो’ हे मात्र उलटं आहे. साखर परत ओढायला किडनीच्या पेशींना प्राणवायू जाळून मेहनत करावी लागते. ती मेहनत या गोळीने कमी होते.

आता १.२ चं १.४ का झालं ते तुमच्या लक्षात आलं असेल. दाब उतरला की तेवढ्यापुरतं गाळणंही कमी होतं, आणि क्रिएटिनिन थोडं चढतं. अप्पांच्या वयाला १.२ म्हणजे ईजीएफआर, किडनी किती गाळते याचा अंदाज, साधारण ६९, आणि १.४ म्हणजे ५७. घट १७ टक्क्यांच्या आसपास आहे. ही गोळी किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ३० टक्क्यांपर्यंतची घट आम्ही धरूनच चालतो. ३० च्या पुढे गेली तर मात्र थांबून कारण शोधतो : पाणी कमी पडलं का, दुखण्याच्या गोळ्या घेतल्या का, किडनीकडे जाणारी मोठी धमनीच अरुंद आहे का. सुरुवातीची घट झाल्यावर आलेख जवळजवळ सपाट व्हायला हवा. न घेणाऱ्याचा आलेख आज वर दिसतो आणि दरवर्षी उतरत जातो, घेणाऱ्याचा एक पायरी उतरून मग फार सावकाश उतरतो. दोन-तीन वर्षांत दुसरा पहिल्याच्या वर असतो. म्हणून तीन आठवड्यांच्या एका आकड्यावर या गोळीचा निकाल लावू नये. मोठ्या अभ्यासांत जे दिसलं ते असंच होतं.

आता ते अभ्यास. मला स्वतःला ही औषधं नवी आली तेव्हा फारसा विश्वास वाटला नव्हता. लघवीत साखर जाणं हेच ज्या रोगाचं जुनं लक्षण, त्यावर मुद्दाम लघवीत साखर सोडायची, हे विचित्रच वाटतं. मूळ पदार्थ तसा जुना आहे : सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली फ्लोरिझिन वेगळं काढलं गेलं होतं, ते हेच काम करायचं. गोळ्या यायला पावणेदोनशे वर्षं लागली. आणि किडनीचा फायदा मागच्या दाराने सापडला. २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने अट घातली की मधुमेहाच्या प्रत्येक नव्या औषधाने हृदयाला धोका नाही हे सिद्ध करावं. त्या अटीपायी एम्पाग्लिफ्लोझिनचा अभ्यास झाला. २०१५ मध्ये निकाल आला तेव्हा धोका तर नव्हताच, उलट हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी झाले होते, आणि किडनीही सावकाश बिघडत होती.

मग किडनीच्याच रुग्णांवर मुद्दाम अभ्यास झाले. २०१९ मध्ये कॅनाग्लिफ्लोझिन, ४,४०१ रुग्ण : डायलिसिस, क्रिएटिनिन दुप्पट होणं, किडनी किंवा हृदयविकाराने मृत्यू, हे सगळं मिळून ३० टक्क्यांनी कमी. २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिन, ४,३०४ रुग्ण, असंच सगळं मोजून ३९ टक्क्यांनी कमी. या दुसऱ्या अभ्यासातल्या जवळजवळ एकतृतीयांश लोकांना मधुमेह नव्हताच, तरी त्यांना फायदा झाला. शिवाय ईजीएफआर ४५ च्या खाली गेला की ही गोळी साखर फारशी उतरवत नाही, पण किडनीचं रक्षण चालूच राहतं. ‘साखर सातावर आली की’ या अप्पांच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच आहे. ज्याला मधुमेहच नाही त्याच्याही किडनीला जी गोळी उपयोगी पडते, तिचा साखरेच्या आकड्याशी संबंध फार थोडा.

म्हणून साखर सोडून द्यायची का? मुळीच नाही. ब्रिटनमध्ये १९७७ साली नव्या मधुमेहींवर एक अभ्यास सुरू झाला, त्याचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. एचबीएवनसी ७.९ ऐवजी ७ च्या आसपास ठेवल्याने बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास २५ टक्क्यांनी कमी झाले. डोळे आणि नसा यांच्यासाठी साखरेला आजही पर्याय नाही. डापाग्लिफ्लोझिन किडनी राखते म्हणून पडदाही राखेल असं कुणी धरून चालू नये. पण त्याच ब्रिटिश अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, जी लोक विसरतात. रक्तदाब १५४/८७ ऐवजी १४४/८२ राहिला, तेवढ्यावर बारीक वाहिन्यांचे त्रास ३७ टक्क्यांनी घटले.

आता अप्पांचा रक्तदाब पाहा : १४६/८८. नव्या गोळीवरून घरात वाद चाललाय आणि या आकड्याबद्दल कुणीच काही विचारलेलं नाही, तुम्हीसुद्धा नाही. लघवीत अल्ब्युमिन असलेल्या मधुमेह्याला मला १३०/८० च्या आसपास पाहिजे. टेल्मिसार्टन ही नुसती बीपीची गोळी नाही. ती वरच्या उदाहरणातली शेवटची चावी सैल करते, जाणारी वाहिनी उघडते. या गटातल्या लोसार्टन आणि इर्बेसार्टन या औषधांनी मधुमेहातली किडनी वाचते हे २००१ मध्येच सिद्ध झालंय. पण त्या अभ्यासांत झेपेल तेवढा पूर्ण डोस होता. ४० वर सुरू केलेली गोळी वर्षानुवर्षं ४० वरच राहिलेली मी रोज पाहतो. अप्पांच्या डॉक्टरांना विचारा, ८० करता येईल का. वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा बघावं लागतं. आणि या गटातल्या दोन गोळ्या एकत्र, किंवा हिच्याबरोबर रक्तदाबाच्याच दुसऱ्या गटातली एनालाप्रिल-रामिप्रिल, असं कधीही नको. दोन्ही मिळून जास्त रक्षण होईल असं एके काळी वाटलं होतं, अभ्यासात उलट किडनीला धोका आणि रक्तातलं पोटॅशियम वाढण्याचा धोका दिसला.

तर इथवरचं थोडक्यात असं : डापाग्लिफ्लोझिन येणारी बाजू आवळते, टेल्मिसार्टन जाणारी बाजू उघडते, दोन्हींनी गाळणीतला दाब उतरतो, क्रिएटिनिनची पहिली चढण त्यामुळेच आहे. साखर वेगळी सांभाळायची, मुख्यतः डोळ्यांसाठी आणि नसांसाठी.

अप्पांच्या बाबतीत परिस्थितीवर अवलंबून असलेल्या काही गोष्टी. २१० हा एकच रिपोर्ट आहे. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, आदल्या दिवशीची अंगमेहनत, फार वाढलेली साखर, यांनीही अल्ब्युमिन तात्पुरतं वाढतं. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वाढलेले आले तरच ते पक्कं मानायचं. दुसरं, मधुमेह आहे म्हणून किडनीचं प्रत्येक दुखणं मधुमेहाचंच नसतं. डोळ्याचा पडदा तपासून घ्या. पडदा अगदी स्वच्छ असेल, लघवीत रक्त असेल, किंवा अल्ब्युमिन झपाट्याने वाढत असेल, तर किडनीच्या तज्ज्ञाला दाखवायला हवं. तिसरं, एकदा सोनोग्राफी करा. ६१ व्या वर्षी प्रोस्टेटमुळे लघवी तुंबत असेल किंवा खडा असेल, तर नुसत्या गोळ्यांनी काही होणार नाही.

आणि ग्लिमेपिराइड. एचबीएवनसी ७.२ असताना त्यात नवी गोळी आली, शिवाय किडनीचं काम कमी झालं की ग्लिमेपिराइडचा परिणाम शरीरात जास्त वेळ रेंगाळतो. दुपारी शेतात साखर फार उतरून घाम फुटणं, हात थरथरणं, डोळ्यांसमोर अंधारी येणं असं काही अप्पांना होतं का, हे मुद्दाम विचारा. स्वतःहून ते सांगणार नाहीत. असं होत असेल तर कमी करायची ती ग्लिमेपिराइड, डापाग्लिफ्लोझिन नव्हे. बहुतेक घरांत नेमकं उलट होतं, नवी आली ती बंद होते.

मेटफॉर्मिनबद्दल पाहुण्यांना शांतपणे सांगा : ते किडनी खराब करत नाही. किडनी आधीच खराब असेल तर ते शरीरात साठतं, म्हणून ईजीएफआर ४५ च्या खाली गेला की डोस निम्मा आणि ३० च्या खाली बंद. अप्पा ५७ वर आहेत, आज चिंता नाही. डायलिसिसवरचे ते गृहस्थ गोळ्या खात होते, बरोबर. मधुमेह होता म्हणूनच खात होते. त्यांना नेमकं कशाने झालं हे त्यांची फाइल बघितल्याशिवाय कुणी सांगू नये, मीही सांगणार नाही.

किडनी खरोखर घालवणारी औषधं आपल्याकडे वेगळीच आहेत. ऊसतोड, रोपलावणी, भाताची मळणी झाली की अंग दुखतं, आणि डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन चिठ्ठीशिवाय मिळतं. टेल्मिसार्टन, लघवी होण्याची गोळी आणि त्यावर ही दुखण्याची गोळी, असे तिन्ही एकत्र आले की किडनीचा रक्तपुरवठा दोन दिवसांत कोसळू शकतो. अथणी-रायबागकडच्या उन्हाळ्यात तर विचारूच नका. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल आणि शेक, तेवढ्याने भागत नसेल तर डॉक्टरांना विचारा. लेबल नसलेल्या पुड्या आणि भस्मं यांच्यातही काय असतं ते देणाऱ्याला माहीत असतं की नाही, शंकाच आहे.

आता डापाग्लिफ्लोझिनचे धोके. ते आहेतच, आणि आपल्या भागात काही जास्तच.

लघवीच्या जागी बुरशी होते, बायकांना जास्त, पुरुषांनाही. खानापूर-जांबोटीच्या पावसाळ्यात दिवसभर ओल्या कपड्यांत भातलावणी केली तर होणारच. लघवी झाल्यावर पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं, घरी आल्यावर ओले कपडे लगेच बदलायचे. खाज सुटली तर लाजून गप्प बसू नये, साध्या मलमाने किंवा गोळीने जातं. कमरेखाली सूज, असह्य दुखणं आणि ताप असं एकत्र आलं तर मात्र त्याच दिवशी दवाखाना.

दुसरा धोका उपासाचा. अन्न पोटात नाही, आणि साखर लघवीतून चाललीय, अशा वेळी शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात आम्ल साठतं. याची फसवी बाजू अशी की साखर तपासली तर ती दोनशेच्या आतही निघू शकते, त्यामुळे घरच्यांना आणि कधी कधी डॉक्टरांनाही संशय येत नाही. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं असं झालं तर दवाखान्यात गेल्या गेल्या पहिलं वाक्य हेच म्हणायचं : ‘यांना डापाग्लिफ्लोझिन चालू आहे.’ एकादशीला साबुदाण्याची खिचडी, भगर, रताळी खाऊन उपास करणाऱ्यांची मला एवढी काळजी नाही (साखरेची आहे, ते सोडा). निर्जळी एकादशी किंवा नवरात्रात नऊ दिवस नुसत्या पाण्यावर राहणाऱ्यांना ही गोळी त्या दिवसांत बंद ठेवायला सांगतो, आणि ग्लिमेपिराइडचं काय करायचं ते आधी येऊन ठरवा म्हणतो.

उलट्या-जुलाब, कडक ताप, जेवण जात नाही, अशा दिवसांत डापाग्लिफ्लोझिन, मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टन तिन्ही थांबवायच्या. जेवण-पाणी नीट सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांनी पुन्हा चालू. ऑपरेशन ठरलं असेल तर डापाग्लिफ्लोझिन तीन दिवस आधी बंद, आणि ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगायचं. हे घरात कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा, कारण ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी आठवत नाही.

इतर औषधांचं थोडक्यात. आठवड्याला एकदा घ्यायचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन किडनीसाठी उपयोगी आहे हे २०२४ मध्ये ३,५३३ रुग्णांच्या अभ्यासात दिसलं, किडनीचे मोठे त्रास २४ टक्क्यांनी कमी झाले. वजन जास्त असेल तर मी त्याचा विचार करतो. पण साखर एकदम झपाट्याने उतरली तर आधीच खराब असलेला डोळ्याचा पडदा काही काळ जास्त बिघडू शकतो, म्हणून आधी डोळे तपासायचे. फिनेरेनोन ही वेगळ्या गटातली गोळी आहे, अल्ब्युमिन कमी होत नसेल तर पुढची पायरी म्हणून, पोटॅशियमवर डोळा ठेवून. लिनाग्लिप्टिन ही साखरेची गोळी किडनी खराब असताना डोस न बदलता देता येतं एवढाच त्याचा गुण. ते किडनी वाचवतं असं अभ्यासात दिसलं नाही. अप्पांना आज यातलं काही लागेल असं वाटत नाही.

पैशाचं विचारलं नाहीत, पण मनात असणारच. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात ऑक्टोबर २०२० मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. आता खूप कंपन्यांची मिळते आणि किमतीत मोठा फरक असतो. डॉक्टरांना सरळ म्हणा, स्वस्तातली लिहून द्या. जन औषधी दुकानातही विचारा.

इथे आपल्या सीमाभागाची एक खास अडचण सांगतो. माणूस एक, फाइली तीन : एक बेळगावची, एक कोल्हापूरची, एक मिरजेची. प्रत्येक ठिकाणी ब्रँड वेगळा. त्यात या गोळ्या आता जोडीने येतात, डापाग्लिफ्लोझिनबरोबर मेटफॉर्मिन किंवा सिटाग्लिप्टिन, टेल्मिसार्टनबरोबर अॅम्लोडिपिन किंवा लघवीची गोळी. नावं वेगळी म्हणून दोन्ही पाकिटं चालू राहतात आणि एकच औषध दोनदा पोटात जातं. सगळी पाकिटं एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांसमोर ओता, आणि पाकिटाच्या मागचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव त्यांच्याकडून वाचून घ्या.

जेवणात मीठ कमी केलंत तर टेल्मिसार्टन जास्त काम करतं. लोणचं, पापड, ठेचा यांत मीठ असतं हे लोक मोजतच नाहीत. डाळ-कडधान्यं मात्र भीतीने बंद करू नका, रोजच्या वाटीभर आमटीने अप्पांच्या किडनीला काही होत नाही. तंबाखू असेल तर ती सोडवा. रिपोर्ट चांगला आला म्हणून कुंद्याच्या मिठाईचा डबा उघडायची पद्धतही आपल्याकडे आहे, तिचं काय करायचं ते अप्पांनाच विचारा.

पुढच्या तपासण्या अशा करा. आजपासून दोन-तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. १.४ च्या आसपासच राहिलं तर पुढे तीन महिन्यांनी पुन्हा, आणि तेव्हाच लघवीचं अल्ब्युमिनही. तिथे २१० वरून ३० टक्के किंवा जास्त उतार दिसला तर औषध लागू पडतंय असं मी समजतो. क्रिएटिनिन १.६ च्या वर गेलं तर तीन महिने थांबू नका, लगेच दाखवा. लघवीचा नमुना सकाळी उठल्यावरचा पहिला द्या, ताप किंवा लघवीची आग असताना देऊ नका, आणि आदल्या दिवशी शेतात जड काम नको. लॅबमध्ये साधी लघवी तपासणी नको, अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर हवंय असं स्पष्ट सांगा. साध्या पट्टीच्या तपासणीत सुरुवातीचं अल्ब्युमिन सुटतं. डापाग्लिफ्लोझिनवर असताना लघवीत साखर ‘तीन प्लस’ छापून येईल. ती गोळीमुळे आहे, त्यावरून साखर वाढली असं समजू नका.